हरभऱ्याच्या डाळीएवढं गुलाबी

तीस वर्षांच्या संसारात मी माईंवर कधी वस्तू फेकली नव्हती. शब्द फेकत होते, आणि ते नेमके लागत होते. त्या दिवशी शब्द सापडेना म्हणून पितळी तांब्या फेकला.

माई म्हणजे माझ्या सासूबाई. वाईकडच्या. लग्न होऊन काशीत आल्या त्या आजतागायत संकठा घाटाच्या गल्लीतच आहेत, पण हिंदी काही शिकल्या नाहीत. 'कितना', 'जादा है' आणि 'जाओ' एवढ्या भांडवलावर त्यांनी साठ वर्षं भाजी आणली. "गंगेला मराठी समजतं, संकठामातेला समजतं, मग मला काय नडलंय?" असं म्हणायच्या. मी मात्र इथलीच, बनारसात जन्मलेली. रामनगरला मुलींच्या शाळेत गणित शिकवते. तिथं माझं हिंदी इतकं मवाळ की मुली म्हणतात, मॅडम रागावल्या तरी कळत नाही. घरी आले की चप्पल आणि हिंदी दोन्ही दाराशी काढते. मग माई आणि मी. आमची भांडणं गल्लीत प्रसिद्ध आहेत. लोकांना एक अक्षर कळत नाही, तरी खिडक्या उघडून ऐकतात. माझे यजमान विनायक बँकेत आहेत. आमचा आवाज चढला की ते गच्चीवर जाऊन तुळशीला पाणी घालतात. आमच्याकडे तुळस जगत नाही, कुजते.

तर त्या दिवशी भांडण आमटीवरून. माई आमटीत मूठभर गूळ ढकलतात आणि मला चिंच हवी असते. मी तोंड उघडलं आणि 'चिंच' शब्दच येईना. "ती... अहो ती... आंबट ती..." समोर बरणी दिसत होती, जिभेवर चव येत होती, नाव गायब.

"काय ती ती करतेस?" माई म्हणाल्या. "वेड लागलं का?"

डोक्यात असा भडका उडाला की हातात होता तो तांब्या मी भिरकावला. तो माईंच्या खांद्यावर बसला. त्या ओरडल्या, आणि मी ओट्याची कड धरता धरता खाली कोसळले. मग म्हणे मी हातपाय झाडायला लागले, डोकं फरशीवर आपटायला लागलं, जीभ चावली गेली आणि तोंडातून रक्त. माईंनी तो दुखरा खांदा माझ्या डोक्याखाली सरकवला आणि 'विन्या' म्हणून किंकाळी फोडली. शेजारच्या मिश्राइन धावत आल्या. त्यांना वाटलं, अखेर म्हातारीनं सुनेला मारलंच.

पेनांचा डबा

स्कॅनचं यंत्र डोक्यावर हातोडे मारल्यासारखं बडवत राहतं. मी आत पडल्या पडल्या त्याला मराठीत शिव्या दिल्या. एक-दोन शिव्या अर्ध्यावर अडकल्या, तेव्हा मी पहिल्यांदा घाबरले.

सर्जन साहेब उंच, पिकल्या मिशांचे, बलियाकडचे. त्यांनी पडद्यावर माझं डोकं दाखवलं. डाव्या बाजूला पांढरा डाग.

"गाँठ है. अच्छी वाली नहीं है. और जगह भी ख़राब चुनी है, बोली के बिलकुल पास."

विनायक रडायलाच लागले. मला रडू आलं नाही, संताप आला. माझं डोकं, आणि त्यात हे न सांगता सवरता येऊन बसलंय! मी हाताच्या एका फटक्यात त्यांच्या टेबलावरचा पेनांचा डबा उडवला. पेनं चारी दिशांना गेली. बाहेरचा शिपाई आत डोकावला. सर्जन साहेब खुर्चीतून उठले, वाकून एकेक पेन गोळा केलं आणि परत बसले.

"हो गया? अब सुनिए."

मग त्यांनी जे सांगितलं ते माझ्या शब्दांत सांगते, कारण तुमच्यापैकी कुणावर ही वेळ आली तर पुस्तकी भाषा कामाला येत नाही. गाठ आणि चांगला मेंदू नुसत्या डोळ्यांना सारखेच दिसतात. कडेला तर कुठं एक संपतं आणि दुसरं सुरू होतं ते कुणी सांगू शकत नाही. म्हणून ऑपरेशनच्या आधी एक औषध प्यायला देतात. ते गाठीत जाऊन मुरतं. मग कवटी उघडल्यावर निळा उजेड टाकला की गाठ गुलाबी चमकते, चांगला मेंदू चमकत नाही. गुलाबी तेवढं काढायचं. मागं राहिलं तर ते वाढणार, परत डोकं वर काढणार. आणि गुलाबीच्या नादात जास्त आत गेलं तर बोलणं जाणार. म्हणून मला जागं ठेवणार, बोलतं ठेवणार. जिथं जीभ अडखळेल तिथं हात थांबवणार.

"यानी खोपड़ी खुली रहेगी और मैं बात करूँगी?"

"सुना है आपको बात करने में दिक़्क़त नहीं होती," ते म्हणाले. विनायकांनी मान खाली घातली. हे सांगणारा दुसरा कोण असणार!

आमच्या गल्लीपासून मणिकर्णिकेचं स्मशान हाकेच्या अंतरावर. कवटी फुटल्याचा आवाज लहानपणापासून ओळखीचा. पण तिथं आधी मरावं लागतं.

जाता जाता त्यांनी विचारलं, "मातृभाषा?"

"हिंदी, सर," विनायक म्हणाले.

मीही मान डोलावली. इथल्या आम्हा मराठी लोकांची ही खोडच आहे. शाळेत, बँकेत, जनगणनेला आलेल्या माणसाला, सगळ्यांना आम्ही हिंदीच सांगतो. मराठी म्हटलं की 'अच्छा, बम्बई से हैं? यहाँ कब आए?' सुरू होतं, आणि मग दोनशे वर्षांचा इतिहास कोण सांगत बसणार? घरातली भाषा घरात. तिचा ऑपरेशनशी काही संबंध असेल हे आमच्या डोक्यातही आलं नाही.

माई गोड झाल्या

आजारपणात सगळ्यात भयंकर काय वाटलं असेल, तर माई गोड बोलायला लागल्या.

"बस हं बाळ. मी करते." "वसुधा, तुला चिंच घातलेली आमटी केलीये." मला बाळ! आमटीत चिंच! खांद्यावर काळंनिळं झालेलं, हात वर जात नव्हता, तरी मला भरवायला येत. मी मुद्दाम खोड काढली, "माई, भात कच्चा आहे." तर म्हणाल्या, "असेल गं, म्हातारी झाले मी." ऐकून माझ्या अंगावर काटा आला. माणूस मरणाच्या दारात असल्याशिवाय माई चूक कबूल करत नाहीत. आजेसासूबाई गेल्या तेव्हा एकदाच केली होती म्हणतात.

लोकांना वाटतं आजारी माणसाशी हळू बोलावं. नका बोलू हो. माणसाला कळतं की आपल्याला सोडून दिलंय.

वॉर्ड

वॉर्डात सकाळ व्हायची ती माकडांनी. खिडकीच्या जाळीला लोंबकळून दात विचकत. एकानं माझ्या शेजारणीच्या हातातलं केळं ओढलं आणि वर तिला ओरबाडलं. मग रक्त तपासायला रक्त, मग रक्तदाब, मग गोळ्या, मग दुपारी भेटायला येणारे. शेजारणीचे दोन मुलगे तिला घरी कोण नेणार यावरून पलंगाच्या पायथ्याशी एकमेकांना गुद्दे मारत होते आणि ती बाई डोळे मिटून पडली होती. गार्डनं दोघांना कॉलर धरून बाहेर काढलं.

एकदा खालच्या मजल्यावर कुणी दगावलं. नातेवाइकांनी काचा फोडल्या, खुर्च्या फेकल्या, एका शिकाऊ डॉक्टरला जमिनीवर पाडून लाथा घातल्या. आम्ही वरून नुसता आवाज ऐकला. थोड्या वेळानं तोच मुलगा माझं रक्त घ्यायला आला. ओठ फाटलेला, एक डोळा सुजून बंद.

"दीदी, थोड़ी-सी सुई लगेगी," तो म्हणाला.

सगळ्या आजारपणात मी ढसाढसा रडले ती तेव्हा. त्याला वाटलं सुई जोरात लागली. तो बिचारा माझीच माफी मागत राहिला. मी त्याला म्हटलं, उद्यापासून माझं रक्त तूच घ्यायचंस, दुसऱ्या कुणाचा हात लागू देणार नाही.

पूजा नावाची एक मुलगी मला चित्रं दाखवून बोलण्याचा सराव करून घ्यायची. "ये क्या है?" "चाबी." "ये?" "छाता." सगळं हिंदीत. माझे मार्क उत्तम. मी मनात म्हटलं, गणितवाली आहे, नापास कशी होईन?

हिरवी साडी

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी माई भेटायला आल्या आणि पिशवी पलंगावर ठेवून हात धुवायला गेल्या. मी पिशवीत डोकावले. आत कोरी हिरवीगार साडी, खण, नारळ, बांगड्या.

आपल्याकडे सवाष्ण गेली की हिरवी साडी नेसवून, ओटी भरून पाठवतात. मला दुसरं काही सुचलंच नाही. माई परत येईपर्यंत मी पलंगावर उभी राहिले होते.

"मला नेसवायला आणलीत? अजून श्वास चालू आहे माझा! घाई झालीये तुम्हाला?"

"अगं काय..."

"बांगड्या पण! माप घेतलंत का हाताचं? की मेल्यावर घेणार होतात?" मी नारळ उचलून जमिनीवर आपटला. तो घरंगळत शेजारणीच्या पलंगाखाली गेला.

माईंचा चेहरा आधी पांढरा पडला आणि मग लाल. किती दिवसांनी लाल झाला!

"मेले, देवीची ओटी आहे ती! संकठामातेची! तुझ्यासाठी नवस बोलले, पहाटे भरणार होते. तुझ्या जिभेला काही हाड? देवीचा नारळ आपटलास! अगं, असली सून शत्रूला मिळू नये!"

"मग सांगायचं ना आधी!"

"तू सांगू देशील तेव्हा ना! डोक्यात गाठ झाली ती उगाच नाही, राग साठून साठून दगड झालाय त्याचा!"

"आणि तुमच्या गुळानं!"

अर्धा वॉर्ड उठून बसला होता. मला कित्येक दिवसांत इतकं बरं वाटलं नव्हतं. तेवढ्यात दाराशी लक्ष गेलं. सर्जन साहेब उभे होते, कधीपासून कोण जाणे.

"ये कौन-सी ज़बान है?"

"मराठी," विनायक म्हणाले. "घर में... बस घर में बोलते हैं."

"आपने हिंदी बताया था."

"वो तो... सर, बाहर हम लोग हिंदी ही..."

पेनांचा डबा उडाला तेव्हा न चिडलेला तो माणूस असा चिडला की हातातली फाइल त्यानं भिंतीवर मारली. "दिमाग़ में दो ज़बानें कभी-कभी अलग-अलग कमरों में रहती हैं! मैं एक कमरा बचाऊँ और दूसरा अँधेरे में साफ़ कर दूँ? पढ़े-लिखे लोग हैं आप!"

 म्हणून सांगते, ही एक गोष्ट लक्षात ठेवा. डॉक्टरनं भाषा विचारली की भांडताना तोंडात येते ती सांगा.

ऑपरेशन पुढं ढकलणं शक्य नव्हतं. गाठ थांबणार नव्हती. आता प्रश्न असा की मराठीत मला बोलतं कोण ठेवणार आणि चुकलं तर पकडणार कोण? पूजाला येत नव्हतं. विनायक रक्ताच्या नावानं आडवे होतात. आमची मुक्ता, म्हणजे मुलगी, मराठी समजते पण बोलते हिंदीतच. सर्जन साहेबांनी माईंकडे बोट केलं.

"इनसे. आप दोनों बस यही कीजिए, जो अभी कर रही थीं."

माई थिएटरात येऊ शकत नव्हत्या. त्यांना विनायकांबरोबर शेजारच्या खोलीत बसवायचं, सिस्टरच्या फोनवरून बोलायला लावायचं आणि माझ्या कानाशी दुसरा फोन स्पीकर लावून, पिशवीत घालून लटकवायचा, असं ठरलं.

"काय करायचंय मी?" माईंनी विचारलं.

"भांडायचंय," विनायक म्हणाले.

"आत्ता बरी भांडले. पण डोकं उघडलेल्या माणसाशी?" माई म्हणाल्या.

निळा उजेड

पहाटे औषध दिलं. पेलाभर पाणीच, जरा आंबट. ते प्यायलं की अंगावर उजेड पडू द्यायचा नाही, कातडी भाजते. पडदे ओढले, दिवे घालवले, आणि मला चादरीत तोंड झाकून नेलं. आमच्या काशीत असं तोंड झाकून कुणाला नेतात ते तुम्हाला माहीत आहे. मी चादरीतून ओरडत गेले, "ज़िंदा हूँ, हटिए!"

डोकं लोखंडी पकडीत आवळलं. कातडी बधिर केली होती, पण हाड ऐकू येतं. ड्रिल सुरू झालं तेव्हा तो आवाज बाहेरून येत नव्हता, माझ्या दातांतून येत होता. मी पूजाची बोटं इतकी दाबली की ती कळवळली. सोडली नाहीत मात्र तिनं.

मग दिवे गेले आणि सगळं निळं झालं. बाजूच्या पडद्यावर, डोळ्याच्या कोपऱ्यातून मला दिसलं. काळपट निळ्यात ती गुलाबी. धुळवडीनंतर गल्लीच्या भिंतीवर चिकटून राहतो तसला भडक रंग. ही नटवी माझ्या डोक्यात बसून माझे शब्द खात होती! मला वाटलं हात सुटावा आणि नखांनी ओरबाडून काढावी.

"दिख गई," सर्जन साहेब म्हणाले. "अम्मा को लगाइए."

कानाशी खरखर झाली. "वसुधा... बाळ... घाबरू नको हं. मी रामरक्षा म्हणू का?"

झालं! पुन्हा बाळ! तोंडातून शब्द फुटेना.

"लड़िए," सर्जन साहेब म्हणाले.

सुरुवात मलाच करावी लागली. "माई, एक विचारायचं राहिलं. तुम्ही आमटीत गूळ घालता की गुळात आमटी?"

माईंचा आवाज एकदम बदलला.

"पुन्हा बोल."

"तुमची आमटी गाईपुढं ठेवली तर गाय तोंड फिरवेल म्हटलं!"

"अगं ए भवाने! तुझ्या आईनं तुला फोडणी तरी शिकवली होती का? करपलेल्या मोहरीशिवाय काय आणलंस माहेराहून?"

"तोंड सांभाळा! आईला मधे आणायचं काम नाही!"

"आणणार! दिवाळीत चकल्या पाठवल्या होत्या तिनं, माझा दात पडला!"

"बहुत अच्छे," सर्जन साहेब पुटपुटले. ते कापत होते, गुलाबी पडद्यावरून कमी होत होती, मधूनमधून ते हलक्या विजेच्या तारेनं मेंदूला स्पर्श करून एकेक जागा क्षणभर बंद पाडून बघत होते, आणि आम्ही दोघी तीस वर्षांचं सगळं उकरून काढत होतो. बारशाच्या पाळण्यापासून गच्चीवरच्या वाळवणापर्यंत.

मी जोरात होते. चकलीचं उत्तर देत होते. 

"थांबा!" माईंची किंकाळी आली. "थांबा हो! ही हिंदीत बोलतेय! माझ्याशी हिंदीत बोलतेय!"

मला काही कळलं नव्हतं. मला वाटत होतं मी मराठीतच बोलतेय. पूजाला त्यात काही खटकलं नव्हतं, तिच्या लेखी मी छान बोलत होते. विनायकांचा रडवेला आवाज आला, "सर, ये माँ से कभी हिंदी में नहीं बोली. कभी नहीं."

सर्जन साहेबांनी तार उचलली. "फिर बोलिए."

"चकल्या कडक नव्हत्या, तुमचा दात किडका होता."

तार टेकवली. मी बोलले. माई रडत म्हणाल्या, "हिंदी."

त्यांनी हात बाजूला घेतला. "अम्मा ने पकड़ लिया," ते म्हणाले. मग माझ्या समोर येऊन वाकले. "बाक़ी सब निकल गया. एक टुकड़ा बचा है, चने की दाल बराबर. गुलाबी है. उसे निकालूँ तो हिंदी शायद रहेगी, मराठी शायद नहीं. छोड़ूँ तो सेंक देंगे, गोलियाँ देंगे, पर वो फिर बढ़ सकता है. आप बताइए."

मी बोलायच्या आत कानाशी आवाज आला. विनायकांनी सांगितलं असणार.

"काढा म्हणावं."

"माई, गप्प बसा."

"तू गप्प बस! आयुष्यात एकदा माझं ऐक. ती अवदसा आत ठेवून जगणार आहेस? जीव राहिला तर सगळं राहिलं. बोल हिंदीत माझ्याशी. मी शिकेन."

"तुम्ही? साठ वर्षांत पाणी मागायला शिकला नाहीत!"

"शिकेन म्हणते ना!" आणि मग मला सोडून त्या थेट त्यांच्याशीच बोलल्या. "डाक्टर, निकालो. सब निकालो. हम हिंदी बोलेगा."

 माझं डोकं पकडीत होतं, डोळ्यांतलं पाणी सरळ कानात जात होतं, फोनच्या पिशवीवर. मला जगायचं होतं. फार जगायचं होतं. मुक्ताचं लग्न बघायचं होतं. पण हिंदीत मी कोण आहे ते मला माहीत होतं. हिंदीत मी सोशिक, गोड, सगळ्यांचं ऐकून घेणारी बाई. ती बाई जगली असती, मी नाही.

"छोड़ दीजिए," मी सर्जन साहेबांना म्हटलं. आणि फोनला म्हटलं, "तुमच्यासाठी नाही ठेवत, माई. माझी आहे म्हणून ठेवतेय."

"मर मग, हट्टी मेली!" माई ओरडल्या, आणि धाडकन आवाज होऊन फोन बंद पडला. त्यांनी सिस्टरचा फोन भिंतीवर फेकून मारला होता. पुढं कुणी सांगितलं की तुकडे वेचताना सिस्टरच रडत होती.

अंधारात

दोन दिवस अंधारात. बोलणं सगळंच गेलं, हिंदी आणि मराठी दोन्ही. डॉक्टर म्हणाले सूज आहे, परत येईल. चांगली माणसं होती, पण तोंडात शब्द नसताना धीर कुणी कसा धरायचा? विनायकांचे एक काका संकठेचा प्रसाद घेऊन आले आणि "अरे, अंधारात काय ठेवलंय पोरीला!" म्हणून त्यांनी फर्रकन पडदा ओढला. ऊन पलंगावर पडलं. ओरडायला शब्द नव्हता. मी स्टीलचा पेला भिरकावला, तो त्यांच्या कानाजवळून गेला. सिस्टरनं काकांना ढकलत बाहेर काढलं. माझा एक गाल मात्र भाजलाच, कातडी सोलली.

मग हिंदी आली. "पानी दीजिए." माई पाणी घेऊन उभ्या होत्या. मी त्यांना म्हटलं, "धन्यवाद, माँजी." त्यांच्या हातातून पेला निसटला. त्या खाली बसून पदर तोंडात कोंबून रडल्या आणि मला ते बघवेना, पण त्यांच्याशी बोलायचं म्हटलं की हिंदीच येई. मला वाटलं, मराठी गेली. ठेवूनही गेली.

ती परत आली एका दुपारी. शेजारणीला माई आपल्या फुटक्या हिंदीत सांगत होत्या, माझ्याकडे बोट दाखवून, "बहुत अच्छा लड़की. कभी उलटा नहीं बोला."

"खोटं," मी म्हटलं.

माई वळल्या.

"खोटं बोलू नका, माई."

त्यांनी माझ्या सोललेल्या गालावर, पट्ट्या बांधलेल्या डोक्यावर हात फिरवला, आणि शेजारणीला म्हणाल्या, "बघा. जळलं मेलं लक्षण."

भाजीवाली

किरणांचे सेंक झाले. गोळ्या झाल्या. उलट्यांनी आतडी पिळवटून निघाली, केस गेले, परत आले ते कुरळे आले. मी रामनगरला जायला लागलेय. पूल ओलांडताना गंगा दिसली की मनात म्हणते, बघ, अजून वरूनच चाललेय. दर काही महिन्यांनी त्या हातोड्यांच्या यंत्रात पडते. डाळीएवढं आहे तसंच आहे. कधी वाढेल, वाढेल का, कुणी सांगत नाही. मीही आता विचारत नाही. रिपोर्ट येईपर्यंत घरात कुणी धड जेवत नाही, आणि आला की माई आमटीत गूळ घालतात.

गेल्या आठवड्यात शाळेला सुट्टी होती. वर कपडे वाळत घालताना खाली दारात भाजीवाली आणि माई यांचं बोलणं कानावर आलं. आमची भाजीवाली तोंडानं अशी आहे की पोलीस वाट बदलतात. ती हसत होती.

"ऐसे नहीं, अम्मा. ज़ोर से बोलो."

"तुम... तुम बहुत ख़राब औरत है," माई म्हणाल्या. "तुम्हारे हाथ का दाल कुत्ता भी नहीं खाता."

मी जिन्यात धावले. "माई! हे काय चाललंय?"

माई दचकल्या. मग त्यांनी हनुवटी वर केली. "शिकतेय."

"कशाला?"

"ती मेली वाढली तर?" त्या माझ्या डोक्याकडे बघून म्हणाल्या. "उद्या तुझी मराठी खाल्ली तिनं, तर तुझ्याशी भांडणार कोण? विन्या?"

"माझ्याशी हिंदीत बोललात तर खबरदार!"

"बोलणार! तेव्हा बोलणार. तुला एकटं सोडायची नाही मी."

मी काहीतरी उलट बोलणार होते. शब्द आले नाहीत, आणि क्षणभर तीच जुनी भीती मानगुटीवर बसली. मग आले. सगळे होते जागेवर.

मी खाली येऊन पायरीवर माईंच्या शेजारी बसले. भाजीवालीनं शिकवलेलं अगदीच मिळमिळीत होतं. "कुत्ता वगैरे नका म्हणू," मी म्हटलं. "हिंदीत मला लागतं काय ते मी सांगते." आणि मला खरोखर झोंबेल असं एक वाक्य मी त्यांना शिकवलं, आणि नीट येईपर्यंत परत परत म्हणून घेतलं.